टेपच्या वर दोन बोटं

रविवारी सकाळी यज्ञेशने सुरुचीची सायकल पुसायला घेतली, ती दया म्हणून. बिचारी सहा आठवडे जिन्याखाली उभी होती, तिच्यावर धूळ बसली असणार असा त्याचा हिशेब. स्वतःची सायकल तो दर रविवारी पुसायचा, चेनला तेल द्यायचा, टायरमधली हवा बघायचा. आज तिचीही करून टाकू, म्हणजे कधी मनात आलंच तिच्या तर तयार असेल, एवढाच विचार. पण फडकं फिरवलं तर धूळ निघेना. चेनला तेल होतं, पुढच्या चाकाच्या खाचेत वाळू होती, ताजी. आणि सीटच्या खालच्या दांड्यावर, त्याने स्वतः गुंडाळलेल्या लाल टेपच्या वर, साधारण दोन बोटांवर, एक ठिपका होता. गडद, जांभळट, शेंगदाण्याच्या टरफलाएवढाही नाही. त्याने नखाने खरवडून पाहिलं. नेलपॉलिश. त्यांची मुलगी कस्तुरी पुण्याला नोकरीवर गेली तेव्हा तिने मागे टाकलेल्या बाटल्यांमधलं. ठिपक्यापासून टेपपर्यंत दांड्यावर बारीक बारीक उभ्या रेघा होत्या, दांडा वरखाली सरकवला की पडतात तशा. माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो. यज्ञेशने खिशातून व्हर्निअर काढलं. रेल्वेच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मापतपासणीच्या खात्यात काढलेला माणूस, त्याचा हात दुसरीकडे कुठे जाणार? टेपच्या खालच्या कडेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत एकतीस मिलिमीटर. त्याने पुन्हा मोजलं. एकतीसच. आणि मग हातात व्हर्निअर तसंच धरून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, कारण त्याला एकदम कळलं की सुरुची सायकल चालवते. रोज नसेल, पण चालवते. फक्त त्याच्याबरोबर चालवत नाही.

वर स्वयंपाकघरात ती पोहे परतत होती. मोहरीचा वास जिन्यातून खाली आला. बनारसला बालाजी घाटाच्या त्या गल्लीत सकाळी कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळ्या गल्लीला कळतं, आणि आपल्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळू नये, याची यज्ञेशला आधी लाज वाटली आणि मग राग आला. राग फार टिकला नाही. तो मुळात रागीट नव्हताच. नेमका होता, एवढंच. नेमक्या माणसांचा लोकांना जास्त त्रास होतो हे त्याला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्याने ते मापात बसत नाही म्हणून सोडून दिलं असेल.

सायकलींची कल्पना त्याची होती. कस्तुरी गेल्यावर घरात एक विचित्र शांतता आली. भांडण नव्हतं, काही नव्हतं. पण संध्याकाळी दोघं समोरासमोर बसली की बोलायला तिसरं माणूस लागतंय असं वाटायचं. सुरुची मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारीच सुटायची. तो कारखान्यातून सात वाजता यायचा. तेव्हा त्याने ठरवलं, सकाळचा एक तास आपला. दोन रोड सायकली घ्यायच्या, त्या वाकड्या हँडलच्या, हलक्या. गल्लीतून हाताने धरून मैदागिनपर्यंत न्यायच्या, तिथून राजघाटचा पूल ओलांडून रामनगर आणि परत. सुरुचीने ऐकलं आणि ती अशी हसली, की यज्ञेशला कितीतरी वर्षांनी आपण कुणाला तरी काहीतरी दिलंय असं वाटलं. "मी लहानपणी बाबांची गाडी कैंचीनं चालवायची," ती म्हणाली होती. "सीटवर पोहोचायचीच नाही ना. दांड्याच्या खालून पाय घालायचा आन सुसाट. दुर्गा घाटापासून कंपनीबागपर्यंत. सारे लडके मागं."

आणि मग त्याने तिची सायकल बसवून दिली. हेच ते, इथेच काहीतरी झालं असणार, जिन्यावर बसल्या बसल्या तो आठवू लागला. त्या दिवशी गच्चीवर डिसेंबरचं ऊन होतं. त्याने तिला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही पायांच्या मध्ये कारखान्याची एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही धरायला दिली आणि मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. त्याला पॉइंट आठ आठ तीनने गुणायचं, की पेडलच्या दांड्या फिरतात त्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. जगभर असंच करतात. मग तिला सायकलवर बसवून, भिंतीला टेकवून, गुडघ्यावरून ओळंबा सोडला. दोरी पेडलच्या धुऱ्यावरून बरोबर गेली पाहिजे. तो तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसला होता, ओळंबा हलायचा थांबेपर्यंत श्वास धरून, आणि ती वरून म्हणाली होती, "अहो, मला जरा असं वाटतं की..." आणि तो म्हणाला होता, "वाटण्याचा प्रश्नच नाही गं. दोरी बघ." तिने दोरी बघितली होती. त्याने लाल टेप गुंडाळली होती. तो क्षण त्याच्या आठवणीत फार सुखाचा म्हणून ठेवलेला होता, नीट घडी घालून. आज उलगडला तर त्यात तिचं ते अर्धं वाक्य निघालं.

दीड महिना ती त्याच्या मागून आली. मान दुखते म्हणाली, त्याने सांगितलं सवय होईल. गाडी थांबवली की पाय टेकत नाही, बोटांवर उभं राहावं लागतं, मधेच बैल आला की जीव जातो म्हणाली; त्याने सांगितलं की थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, सीट पाय टेकण्यासाठी नसते. सगळं खरंच होतं. एक शब्द चुकीचा नव्हता. संक्रांतीनंतर एका सकाळी ती पांघरुणातून म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझ्यानं नाही होत." त्याने दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. तेव्हापासून तो एकटाच जात होता, आणि पुलावर रोज त्याला वाटायचं, ती सायकलला कंटाळली नाहीये, आपल्याला कंटाळलीये. वाटायचं आणि तो पेडल जोरात मारायचा. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, रामनगरला उतरला की पाऊल बधिर झालेलं असायचं. तो टायर बघितल्यासारखं करून ते जमिनीवर आपटायचा. त्याची स्वतःची सीटही त्याच सूत्राने बसवलेली होती, पांढऱ्या टेपवर. शिस्त म्हटली की थोड्या मुंग्या येणारच, असं त्याने धरून टाकलं होतं.

"पोहे!" वरून हाक आली. तो वर गेला. आणि ओट्यापाशी सुरुची पाटावर उभी होती. पाट काही आज आला नव्हता. चोवीस वर्षं तो ओट्यासमोर होता. ओटा यज्ञेशने बांधून घेतलेला, चौतीस इंच, पुस्तकात होता तसा. पाटाबद्दल त्याने एकदा विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, फरशी गार लागते. मे महिन्यातही ती त्या पाटावर उभी असायची, आणि बनारसच्या मे महिन्यात फरशी गार लागते म्हणणाऱ्या बाईवर या माणसाने चोवीस वर्षं विश्वास ठेवला होता. तो पोह्यांची बशी घेऊन पाटाकडे बघत राहिला. तिने मागे वळून विचारलं, "काय झालं? मीठ कमी आहे?" तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे." आणि त्याच्या मनात आलं, मीठ तरी? मीठ तरी तिच्या चवीचं आहे का? घरात अजून किती ठिकाणी असा ठिपका असेल, जो आपण पुसायला न गेल्यामुळे दिसला नाही? तिच्या उशीची बाजू, कस्तुरीचं नाव, संध्याकाळी आठला जेवण. विचारावं, सरळ विचारावं, असं दिवसभर ओठावर येत होतं आणि प्रत्येक वेळी भीती वाटत होती, ती खरं सांगेल याची.

मंगळवारी त्याने अर्धी रजा टाकली. हे त्याला शोभत नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. पुलाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर तो हेल्मेट नाही, सायकल नाही, ऑफिसची पिशवी घेऊन बसला. समोरच्या रस्त्याने ट्रक, ई-रिक्षा, माणसं, म्हशी, सगळं पुलाकडे चाललेलं. आणि तीन वाजायच्या सुमाराला सुरुची आली. त्याने आधी सायकल ओळखली, मग तिला, कारण तिची ती बसण्याची पद्धत त्याने कधी पाहिलीच नव्हती. सीट खाली. पाठ सरळ, जवळजवळ उभी. गुडघे नको तेवढे वाकलेले. पेडलवर पायाचा चवडा नाही, मधला तळवा. खालच्या वाकड्या हँडलला तिने हातही लावलेला नव्हता. वरच्या आडव्या भागावर दोन्ही हात जवळ जवळ ठेवून, पेटी वाजवायला बसल्यासारखी ती चालली होती. नियमाच्या पुस्तकात जे जे करू नये म्हणून सांगितलंय ते सगळं. आणि ती गात होती. आवाज रहदारीत ऐकू येत नव्हता, पण मान किंचित डावीकडे कलली होती, आणि गाताना तिची मान तशी कलते हे त्याला ठाऊक होतं. एका म्हशीपाशी ती थांबली, दोन्ही पाय आरामात जमिनीवर टेकले, म्हशीला काहीतरी म्हणाली, पुन्हा निघाली. यज्ञेश जागेवरून अर्धवट उठला. तो हाक मारणार होता आणि त्याने मारली नाही.

"ई बहिनजी त हर मंगर-सुक्कर के जालीं," टपरीवाला कुणी न विचारता म्हणाला. "रामनगर जाके लस्सी पियेलीं, फिर लौटेलीं. एक दिन हमके भी बतवलीं, भइया, मलाई ऊपर से लेवे के चाही."

दर मंगळवारी-शुक्रवारी लस्सी! साखर वाईट म्हणून यज्ञेशने घरातली लस्सी पाच वर्षांपूर्वी बंद केली होती. त्याला हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरून आले, आणि तो चहाच्या ग्लासात बघत बसला. खरं तर मत्सर वाटायला हवा होता. ती त्याच्या सोबतीशिवाय एवढी सुखात होती, याचं दुःख होतंच, छातीत डाव्या बाजूला, खोल. पण त्याहून मोठं काहीतरी होतं. ती इतकी छान दिसते सायकलवर, हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं काहीतरी.

संध्याकाळी सातला तो घरी आला तेव्हा जिन्याखाली सायकल उभी होती आणि सीट बरोबर लाल टेपवर होती. केसभरही इकडेतिकडे नाही. तो वाकून बघत राहिला. म्हणजे ती येऊन, घामाघूम, इथे या अंधाऱ्या बोळात गुडघ्यांवर बसते, अ‍ॅलन कीने बोल्ट सैल करते, दांडा वर ओढते, टेपच्या कडेला कड जुळवते, घट्ट करते, चाकं पुसते. दर वेळी. यज्ञेशच्या खात्यातली माणसं पगार घेऊन इतक्या नेमकेपणाने काम करत नाहीत. सहज करायचं तर तिने टेपच काढून टाकली असती. ती लपवत होती हे खरं, पण त्याचा मान राखून लपवत होती, आणि हे कळल्यावर तो त्या सायकलच्या दांड्याला हात लावून तसाच उभा राहिला, आत जायचं विसरून.

त्या आठवड्यात त्याला अण्णांची फार आठवण येत होती. अण्णा म्हणजे त्याचे वडील, नीलकंठशास्त्री. पंचगंगा घाटावर त्यांच्याकडे यज्ञाची वेदी मांडण्याचं काम यायचं, विटांचं गणित त्यांना तोंडपाठ. यज्ञेश कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वासुदेवभट नावाच्या एका वृद्ध यजमानाने रामनगरच्या बाजूला अग्निचयनाचा यज्ञ करायचं ठरवलं. वेदीचं माप यजमानाच्या शरीरावरून घेतात: त्याने हात वर करून उभं राहायचं, आणि टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत वेळूची काठी कापायची. त्या काठीचे एकशेवीस भाग, ते अंगुळ. सगळ्या विटा त्यावरून. पण वासुदेवभटांचा उजवा खांदा आखडलेला, हात डोक्याच्या वर जेमतेम जायचा. डावाही फारसा नाही. यज्ञेशने हिशेब करून सांगितलं, वेदी फार लहान होईल, मागच्या चयनाची काठी आपल्याकडे आहे, तीच वापरू, ती प्रमाणशीर आहे. त्याला वाटलं होतं अण्णा शाबासकी देतील. अण्णांनी मागची काठी त्याच्या हातातून घेतली आणि चुलीशेजारी टाकली. वासुदेवभटांना म्हणाले, "भटजी, जेवढा जातो तेवढाच हात वर करा. ओढू नका." काठी तेवढीच कापली. यज्ञेश चिडून म्हणाला, "अण्णा, ग्रंथात एकशेवीस अंगुळं सांगितलीत!" आणि अण्णा काठीवर खुणा करता करता, वर न बघता म्हणाले, "एकशेवीसच आहेत की. अंगुळ त्यांचं आहे." वेदी लहान झाली होती. यज्ञेशला चारचौघांत तिची लाज वाटली होती. मग तो त्या सगळ्यातून बाहेर पडला, कारखान्यात लागला, जिथे मिलिमीटर कुणाच्याच अंगाचा नसतो, आणि त्याला फार बरं वाटलं होतं. आता एकतीस वर्षांनी तो उठून बसला, अंथरुणातच. पॉइंट आठ आठ तीन कुणाच्या पायांवरून काढलं असेल? कुठल्या तरी थंड देशातल्या शर्यतीतल्या उंच पोरांच्या. ती मागच्या चयनाची काठी होती, आणि त्याने ती सुरुचीला लावली होती. आणि अण्णांच्या यज्ञातसुद्धा, त्याला आठवलं, वासुदेवभटांच्या बायकोला शेजारी बसवलं होतं, तिचं माप कुणी घेतलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पहाटे तो खाली गेला. लाल टेप सोडवली. वर्षभराची नव्हती तरी ती चिवटपणे निघाली, मागे चिकट राहिलं, ते त्याने रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. मग बोल्ट सैल केला आणि सीट ठिपक्यावर आणली. वर जाऊन त्याने सुरुचीच्या पायाला हात लावला, तिला उठवायची त्याची जुनी पद्धत, आणि म्हणाला, "येतेस का? नाही आलीस तरी चालेल." हे दुसरं वाक्य त्याने याआधी कधी म्हटलं नव्हतं. ती डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिली, आणि उठली.

गल्लीतून सायकली हाताने धरून दोघं निघाली. मैदागिनला ती सायकलवर बसायला गेली आणि थांबली. बसल्याबरोबर कळलंच तिला. दोन्ही पाय जमिनीवर होते. तिने खाली वाकून दांड्याकडे पाहिलं. सीट ठिपक्यावर होती. तिने ठिपक्यावर बोट फिरवलं. यज्ञेशला कारखान्यात तपासणीला आलेल्या साहेबापुढे वाटलं नव्हतं तेवढं भय वाटलं.

"कधी बघितलं?" तिने विचारलं.

"मागच्या रविवारी."

"आन आठ दिवस चूप बसलात?"

"तू सहा आठवडे बसलीस."

ती हसली नाही. "मला वाटलं, तुम्ही इतक्या मेहनतीनं लावून दिली. खराब वाटेल तुम्हाला."

"वाटलं," यज्ञेश म्हणाला. "पण त्याचं नाही वाटलं. सुरुची, त्या दिवशी गच्चीवर तू काहीतरी म्हणत होतीस. मी मधेच बोललो. काय म्हणत होतीस?"

तिने आठवून पाहिलं. "काही नाही हो. म्हणत होते, एवढ्या वर बसलं की जमीन आपली नाही वाटत." आणि मग ती निघाली, कारण मागून रिक्षावाला ओरडायला लागला होता.

पुलावर रविवारची पहाट होती, रहदारी विरळ. खालच्या मजल्यावरून आगगाडी जात होती आणि सगळा पूल पायांतून थरथरत होता. नदीवर धुकं होतं, पंचगंगेच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. सवयीने यज्ञेश पुढे आणि ती मागे. अर्ध्यावर मागून हाक आली, "अहो, थांबा." तो थांबला, कडेला कठड्यापाशी. तिला मान दुखतेय असं वाटून तो वळला. ती उतरून आली, सायकल कठड्याला टेकवली आणि त्याच्या डाव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, "मुंग्या आल्या ना?"

ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

"दीड महिना मी तुमच्या पाठीमागून आले," ती म्हणाली. "दर फेऱ्याला तुम्ही डावीकडं झुकता. पाय पुरत नाही तुमचा, म्हणून सगळी कंबर लचकते. रामनगरला उतरलात की पाऊल आपटता आन टायर बघता. टायरला काही झालेलं नसतं."

"पण माझं माप बरोबर आहे," तो पुटपुटला, "मी दोनदा..."

"असेल. उतरा."

तो उतरला. सीटखालच्या छोट्या पिशवीतून तिने अ‍ॅलन की काढली, पुलाच्या त्या धुळीत गुडघा टेकला आणि त्याचा बोल्ट सैल केला, एका झटक्यात, सरावाच्या हाताने. पांढरी टेप खाली आत सरकली. "बसा. कठडा धरा. पेडल मागं फिरवा." तिने मागे जाऊन पाहिलं. "अजून झुकता." पुन्हा थोडी खाली. "आता?" यज्ञेशची जीभ सवयीने विचारायला वळली, किती खाली घेतलीस, किती मिलिमीटर. त्याने विचारलं नाही. "अहो, मी विचारते, कसं वाटतंय?"

सत्तावीस वर्षं त्याला लोक किती ते विचारत आले होते. कसं, हे विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. तो कठडा धरून पेडल फिरवत राहिला. पाऊल जिथे पोहोचायला हवं तिथे ते न ताणता पोहोचत होतं. तळव्यात हळूहळू ऊब येत होती.

"माहीत नाही," तो खरं तेच बोलला. "थांब जरा. बघतो." आणि थोड्या वेळाने, "बरं वाटतंय गं." हे म्हणताना त्याचा आवाज इतका लहान झाला की तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काढला नाही.

"मग इथेच राहू द्या," ती म्हणाली. बोल्ट घट्ट करून तिने पिशवीत पुन्हा हात घातला आणि ती जांभळट बाटली काढली. "घासून निघते हो, दर आठवड्याला लावावी लागते," असं जरा ओशाळून म्हणत तिने झाकण फिरवलं आणि त्याच्या सीटच्या दांड्यावर, बोल्टच्या अगदी वर, एक ठिपका दिला. मग वाकून त्याच्यावर फुंकर घालू लागली. यज्ञेश वर तसाच बसून होता, एक हात कठड्यावर, एक तिच्या खांद्यावर, आणि ठिपका वाळेपर्यंत त्याने पाय हलवला नाही.